सूर्य तापतो

मराठीच्या प्राध्यापकाला दोन गोष्टींची कधीच भीती वाटत नाही. एक ध्वनिक्षेपक आणि दुसरी उपमा. त्याला सत्काराला बोलवा नाहीतर शोकसभेला बोलवा. समोर ध्वनिक्षेपक आला की उपमा आपल्या पायांनी चालत येते. सत्कारमूर्ती वटवृक्ष होतात, दिवंगत व्यक्ती दीपस्तंभ होते. ही चलनी नाणी मी गेली वीस वर्षे बिनदिक्कत खर्च करीत आलो आहे. यंदाच्या नवरात्रात मात्र त्यांतले एक नाणे खोटे म्हणून घरातच परत आले. आणि तेही मी माझ्या वडिलांच्या नावाने खर्च केलेले!

हकीकत अशी. आमचे अण्णा विजयदुर्गाजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. एकाच शाळेत त्यांनी ३४ वर्षे काढली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या ओसरीत एक दगडी पाटी बसवायचे ठरवले, आणि मुलगा मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे पाटीवरचा मजकूर ओघानेच माझ्याकडे आला. मी चार दिवस कागद खराब केले आणि शेवटी एक वाक्य सिद्ध केले : ‘सूर्यासारखे स्वतः जळून ज्यांनी आम्हांला प्रकाश दिला...’ पुढे नाव, गाव, सन वगैरे.

रात्री जेवणे झाल्यावर मी ते घरच्यांना वाचून दाखवले. सौ.ने मान डोलावली. आमची कन्या यंदा अकरावीला, शास्त्रशाखेत आहे. ती म्हणाली,

“बाबा, सूर्य जळत नाही.”

“काव्यात जळतो,” मी म्हणालो. वीस वर्षांच्या अनुभवाने हे उत्तर माझ्या जिभेवर तयार असते.

“पण पाटी शाळेत लागणार ना? मग मुलं वाचतील की!”

यावर काहीतरी खरमरीत बोलण्याच्या बेतात मी होतो. तोच भाजणीसाठी हरभऱ्याची डाळ निवडत बसलेली आई ताटातून मान वर न करता म्हणाली,

“ती पोर म्हणते ते सूर्याचं मला कळत नाही. पण हे कुठे रे जळले? जळलं मेलं ते वाक्य!”

कोकणातल्या बायकांच्या तोंडी ‘जळलं मेलं’ हा शब्द किती सहज येतो आणि त्याचा अर्थ किती स्पष्ट असतो, हे मी सांगायला नको. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. भाषेच्या अध्यापकाला व्याकरणाची चूक दाखवली तर तो एक वेळ सोसतो. पण उपमेची चूक, आणि तीही दोन्ही बाजूंनी! उपमान चूक म्हणून नात हसते आणि उपमेय चूक म्हणून आजी रागावते. म्हणजे वाक्यात माझे असे राहिले तरी काय?

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये आमच्या फिजिक्सवाल्यांना गाठले. कॉलेजात माणसे नावापेक्षा विषयानेच ओळखली जातात. या गृहस्थांची आणि माझी मैत्री चहापुरती. मी विचारले, “काय हो, सूर्य जळत नाही हे खरं का?” त्यांनी चष्मा पुसला, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा एक कोरा कागद ओढला, आणि माझे पुढचे दोन ऑफ तास संपेपर्यंत मला सोडले नाही. पुढचे तीन-चार दिवस मग मीच त्यांना सोडले नाही.

ते म्हणाले, जळणे म्हणजे प्राणवायूशी संयोग. सबंध सूर्य उत्तम दगडी कोळशाचा आहे असे धरा, आणि त्याला लागेल तितका प्राणवायू फुकट पुरवा. आज तो जितकी उष्णता देतो तितकी देत राहिला, तर पाच-सहा हजार वर्षांत सगळा कारभार आटोपेल. मोहेंजोदडोच्या लोकांनी तो पेटवला असता तर एव्हाना तो विझायला टेकला असता. प्रत्यक्षात तो सुमारे ४६० कोटी वर्षे चालला आहे, आणि अजून तितकीच, सुमारे ५०० कोटी वर्षे चालेल.

एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या विद्वानांना या हिशेबाने जेरीस आणले होते. सूर्य स्वतःच्या भाराने हळूहळू आकसत असावा आणि त्यातून उष्णता निघत असावी, असे हेल्महोल्ट्झ म्हणाले. तोच हिशेब पुढे नेऊन, सूर्य पृथ्वीवर १० कोटी वर्षांपेक्षा अधिक काळ प्रकाशत नसावा, असे केल्विन यांनी १८६२ साली लिहिले. इकडे भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विन यांना डोंगर झिजायला आणि प्राणी बदलायला याहून कितीतरी अधिक काळ हवा होता. आकडेमोड केल्विनसाहेबांची बरोबर होती. जमेची एक बाजू मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. ती बाजू म्हणजे अणूचे पोट.

“आणि त्या पोटाचा पहिला सुगावा,” फिजिक्सवाले म्हणाले, “हेलियमनं दिला.”

हेलियम म्हटल्याबरोबर माझ्या पोटात काहीतरी हलले. आणि ते फिजिक्सशी संबंधित नव्हते.

विजयदुर्ग किल्ल्यावर ज्यांना कोणी हौसेने हिंडवले असेल, त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले गेलेच असतील. कोणी त्यांना ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली कोकणचा किनारा ओलांडून देशावरून पुढे गेली. लॉकियर नावाच्या साहेबाने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडून सूर्यावर हेलियम शोधून काढला, असे आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. अण्णा दर वर्षी थंडीत चौथीची मुले घेऊन किल्ल्यावर जात. कट्ट्याशी उभे राहून ते सांगत, “मुलांनो, सूर्यातला वायू जगाला आपल्या गावातून समजला!” मुलांच्या डोळ्यांत त्या वेळी जे उमटे, त्यासाठी अण्णा ते चार कोस चालत असावेत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नाताळच्या सुट्टीत घरी गेलो, आणि सहलीबरोबर किल्ल्यावरही गेलो. त्याच महिन्यात वाचनालयात एक पुस्तक माझ्या हाती लागले होते. अण्णांचे वाक्य पुरे होताच मी मुलांदेखत म्हणालो, “अण्णा, हे चूक आहे. लॉकियर इथं आलाच नव्हता. तो इंग्लंडात होता. ग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. लॉकियरला ती पिवळी रेघ दिसली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात, ग्रहण नसताना.”

मी बोललो ते खरे होते. ज्या आवाजात बोललो, तो आवाज आठवला की मला अजून मान खाली घालावीशी वाटते. अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “असं का? बरं.” आणि मुलांना घेऊन खालच्या बुरुजाकडे गेले. मला वाटले, विषय संपला. खरे सांगायचे तर, मला त्या ‘बरं’चा रागच आला. वाद घालावा, चिडावे, निदान तोंड पडावे. यांतले काहीच नाही! अण्णांमध्ये धग म्हणून नाही, असे माझे त्या वयात ठाम मत होते. बढतीची संधी आली तेव्हाही त्यांनी ती नाकारली होती. या शाळेतल्या चौथीच्या मुलांना लाभणारे शिक्षक म्हणजे विझता निखारा, असे मी एकदा मित्राला पत्रात लिहिलेसुद्धा. उपमेची खोड जुनीच आहे.

फिजिक्सवाले पुढे सांगत होते. सूर्याच्या प्रकाशात दिसलेल्या या पिवळ्या रेघेचा धनी पृथ्वीवर सापडला तो १८९५ साली, रॅम्से यांना, युरेनियमच्या एका खनिजात. मग १९२० साली अ‍ॅस्टन यांनी अणूंची वजने काटेकोर मोजली. हायड्रोजनचे चार अणू एकत्र वजन केले, तर त्यांच्याइतकाच माल असलेला हेलियमचा एक अणू किंचित हलका भरला. ही तूट गेली कुठे? एडिंग्टन यांनी त्याच वर्षी सांगितले, ताऱ्याची उष्णता ती हीच! आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे वस्तुमान गेले तेथे ऊर्जा आली. हजार किलो हायड्रोजन घ्या; ९९३ किलो हेलियम होतो, आणि उरलेल्या सात किलोंचा उजेड होतो.

घरी आल्यावर मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, “सातच किलो? त्याहून जास्त तूट तर भाजणीत येते.”

पण एवढ्याने प्रश्न सुटला नव्हता. सूर्यात इतका हायड्रोजन आहे, हे कोणाला मान्य होते? पृथ्वीसारखाच लोखंडा-दगडाचा माल सूर्यातही असणार, अशी सर्वांची समजूत. आपल्या मेघनाद साहांनी १९२० साली, ताऱ्याच्या तापमानाने त्याच्या प्रकाशातल्या रेघा कशा बदलतात, याचे गणित मांडले. ते गणित हाती घेऊन हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने १९२५ साली प्रबंध लिहिला. तिला दिसले की तारे बहुतांशी हायड्रोजनचेच आहेत. त्या काळातले थोर ज्योतिषी हेन्री नॉरिस रसेल यांनी हे अशक्य ठरवले. आणि बिचारीने आपल्याच प्रबंधात, हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे लिहून टाकले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोहोचले. त्यांनी १९२९ साली तसे छापले, आणि पेनबाईंचे काम आधीचे आहे हेही नोंदवले.

हे ऐकताना मला कट्ट्यावरचे ते ‘बरं’ पुन्हा ऐकू आले.

आता खरी गंमत. हायड्रोजनच्या केंद्रकांचे हेलियममध्ये रूपांतर होण्याला शास्त्राच्या मराठीत ‘केंद्रकीय संमीलन’ म्हणतात. मी आरंभी ते ‘संमेलन’ असे ऐकले, आणि मला ते पटलेही. संमेलनात उष्णता पुष्कळ निघते आणि वस्तुमान फारसे हाती लागत नाही, हे आम्ही मराठीवाले अनुभवाने जाणतो. संमीलनाची रीत मात्र अगदी निराळी. हायड्रोजनच्या केंद्रकावर, म्हणजे प्रोटॉनवर, धनभार असतो. दोन प्रोटॉन जवळ आले की एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे. एवढ्या धावपळीतही त्यांचा मधला बांध ओलांडण्याइतका जोर बहुतेकांत नसतो. पण अतिसूक्ष्म कणांच्या जगात बांध न ओलांडताही क्वचित पलीकडे निघता येते. हे गामॉव्ह यांनी १९२८ साली दाखवून दिले. बरे, पलीकडे जाऊनही भागत नाही. त्या निमिषार्धात दोघांपैकी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, तरच जोडी टिकते. हे इतके दुर्मिळ आहे की एखाद्या ठरावीक प्रोटॉनला आपला योग येईपर्यंत सरासरीने काही अब्ज वर्षे वाट पाहावी लागते. योग आला की पुढच्या पायऱ्या मानाने झटपट होतात. हान्स बेथे यांनी १९३८-३९ च्या सुमारास हा सगळा जिना बांधून दाखवला, आणि १९६७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

“म्हणजे सूर्य आळशी आहे म्हणा की,” मी म्हणालो.

“आळशी नव्हे हो, संथ,” ते म्हणाले. “म्हणून तर टिकला.”

त्यांनी मग मला एक आकडा दिला, जो मी अजून चघळतो आहे. किलोला किलो तोलून पाहिले, तर तुमचे-आमचे शरीर सूर्यापेक्षा काही हजार पटींनी अधिक उष्णता देते! सूर्याच्या अगदी गाभ्यातसुद्धा एका घनमीटरमागे तीनशे वॅटच्या आतबाहेरच ऊर्जा निघते. थंडीच्या सकाळी वाफाळणाऱ्या खताच्या ढिगाची जी मजल, तीच. सूर्याचे तेज आहे ते त्याच्या आकाराचे. दर सेकंदाला ६० कोटी टन हायड्रोजन तिथे कामी येतो आणि ४० लाख टनांहून थोडे अधिक वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. ऐकून छाती दडपते. पण ४६० कोटी वर्षे असे देऊनही सूर्याने आपल्या दहा हजार भागांपैकी फक्त तीन भाग या वाटेने खर्चले आहेत.

आणि तोल कसा? वरचा प्रचंड भार गाभ्याला दाबतो, आणि गाभ्याची उष्णता तो भार तोलून धरते. संमीलन थोडे जोरात झाले, की गाभा फुगतो, निवतो, आणि वेग आपोआप मंदावतो. वेग कमी पडला, की गाभा आकसतो, तापतो, आणि काम पुन्हा रुळावर येते. हायड्रोजन बॉम्बमध्येही संमीलनच असते. तिथे हा तोल नसतो, आणि तो पहिला संथ टप्पाही नसतो.

दसऱ्याच्या आदल्या रात्री मी हे सगळे आईजवळ बोलत बसलो होतो. निम्मे तिला समजले नसेल. पण संथपणाची गोष्ट तिने पकडली. म्हणाली,

“आपल्या पडवीत संध्याकाळी रोज दोन पोरं पाढ्यांना बसायची, आठवतं? दोनच. मी म्हणायची, अहो, मागे पडलेली दहा आहेत, दहाही एकदम बसवा, लवकर सुटाल. तर म्हणायचे, एकदम नाही होत गं. दोनच. मग दुसऱ्या दिवशी दुसरी दोन. चौतीस वर्षं रे!”

मग थोडे थांबून म्हणाली, “तू त्यांना किल्ल्यावर बोललास ना, त्याच्या पुढल्या वर्षी त्यांनी मुलांना काय सांगितलं, ठाऊक आहे? मीही गेले होते त्या सहलीला. कट्ट्याशी उभे राहिले नि म्हणाले, ‘मुलांनो, मी इतकी वर्षं इथं एक चूक सांगत आलो. ती माझ्या मुलानं दुरुस्त केली.’ आणि मग ते गुंटूर नि इंग्लंड, सगळं नीट सांगितलं. पुढे दर वर्षी तसंच सांगायचे. तुझं नाव घेऊन.”

हे मला ठाऊक नव्हते. सत्तावीस वर्षे ठाऊक नव्हते. ज्यांना मी विझता निखारा म्हटले, ते दर वर्षी थंडीत त्या कट्ट्याशी उभे राहून, मुलांपुढे, माझा अभिमान मिरवत होते!

मी म्हणालो, “आई, ते वाक्य मी बदलतो.”

“बदल बाबा,” ती म्हणाली. “ह्यांना जळताना तू पाहिलंस, तू स्मशानात होतास. मी नाही पाहिलं. माझ्या हातात त्यांचा हात होता तो ऊनच होता. ते जळणं मला आता शाळेतल्या दगडावर वाचायला लावू नकोस.”

एका शब्दाने तिला एवढे भाजले असेल, हे वीस वर्षे शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मला राहून राहून नवल वाटते ते आपल्या भाषेचे. ‘सूर्य जळतो आहे’ असे आपल्या घरातले साधे माणूस कधी म्हणते का? ऊन तापते, सूर्य तळपतो. दूध तापते, जळते ते गृहिणीचे लक्ष नसेल तेव्हाच. ‘तप’ या धातूत उष्णताही आहे आणि नेमाने चालवलेले व्रतही आहे. स्वयंपाकघरातल्या बोलण्याला जे नीट ठाऊक होते, ते आम्हा सभेतल्या वक्त्यांनी टाळ्यांसाठी बिघडवून ठेवले. स्वतःला जाळून घेतल्याखेरीज देणे खरे नव्हे, असे आम्ही शिक्षकांना, आयांना, सगळ्यांनाच सांगत आलो. आणि जे न जळता, तोल सांभाळून, रोज थोडे थोडे देत राहिले, त्यांच्यात धग नाही म्हणून नाके मुरडत आलो.

मी मुख्याध्यापकांना फोन केला आणि नवा मजकूर सांगितला : नाव, खाली ‘शिक्षक’, आणि त्याखाली ‘या शाळेत ३४ वर्षे रोज शिकवले.’

पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते संकोचाने म्हणाले, “सर, एखादी उपमा वगैरे...?”

“नको.”

“फार लहान होतंय, सर. दगडावर जागा उरेल.”

“उरू द्या,” मी म्हणालो.

पाटी दिवाळीच्या सुट्टीनंतर बसेल. आम्ही सगळेच जाणार आहोत. कन्येने आजीला वचन दिले आहे की किल्ल्यावर जाऊन कट्ट्याशी चौथीच्या मुलांना ती गोष्ट सांगायची. गुंटूरसकट, इंग्लंडसकट, आणि हेलियम सूर्यात तयार कसा होतो त्यासकट. बापाची चूक दुरुस्त करणारी पुढची पिढी म्हणून तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आज सकाळी आईने गच्चीवर चिवड्याचे पोहे उन्हात घातले. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेले ऊन इथे पोहोचायला जेमतेम साडेआठ मिनिटे लागतात. पण गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत वाट काढायला त्याच ऊर्जेला हजारो वर्षे लागलेली असतात. आईने परातीतल्या पोह्यांवरून पालथा हात फिरवला, आणि म्हणाली, “आज चांगलं तापलंय हो!”

मी मुकाट्याने पाट ओढला आणि तिच्याबरोबर कावळे राखत बसलो.